ऱ्हाईनकाठची गावं: जकातीच्या नाक्यांपासून बोटींच्या धक्क्यांपर्यंत

जर्मनीत काउब नावाच्या गावासमोर ऱ्हाईन नदीच्या पात्रात, एका खडकावर, पांढऱ्या भिंतींचा छोटा किल्ला उभा आहे. त्याचं नाव फाल्झग्राफेनश्टाइन. त्याचं एक टोक येणाऱ्या प्रवाहाच्या समोर नावेच्या नाळेसारखं निमुळतं होत गेलेलं. हिवाळ्यात वरून वाहत येणारा बर्फ त्यावर आपटून फुटावा, म्हणून. बोटीतून जाणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याचा फोटो काढतो. पण हा कुणा राजाचा महाल नव्हता. तो जकातीचा नाका होता. १३२७ च्या सुमारास बव्हेरियाच्या लुडविगने त्याचा बुरूज उभारला, तो येणाऱ्याजाणाऱ्या नावांकडून पैसे वसूल करायला.

या खोऱ्यातलं आजचं पर्यटन समजून घ्यायचं तर सुरुवात या नाक्यापासूनच करायला हवी. बिंगेन ते कोब्लेन्झ हे अंतर जेमतेम ६५ किलोमीटर, आणि तेवढ्यात चाळीसच्या आसपास किल्ले. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये अरुंद पात्र, आणि उत्तर-दक्षिण व्यापाराला दुसरी सोयीची वाट नाही. काठावरची जमीन एका राजाची असती तर दोन-तीन नाके पुरले असते. पण ती माइन्झ, ट्रिअर आणि कोलोनचे आर्चबिशप, फाल्झचे सरदार आणि इतर लहानमोठे जमीनदार यांच्यात वाटलेली होती. प्रत्येकाने आपापल्या तुकड्यावर नाका बसवला आणि नाक्याच्या राखणीला डोंगरावर किल्ला बांधला. नदीच्या काठाने रोमन काळापासून वस्ती होती. कोब्लेन्झ हे नावच संगम या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं, आणि बोपार्डमध्ये चौथ्या शतकातल्या रोमन तटाचे भाग आजही उभे आहेत. पण गावांना आजचं रूप दिलं ते मध्ययुगातल्या जकातीने आणि द्राक्षांनी.

बाखाराखचंच पाहा. बिंगेनजवळ पात्रात खडकांची आडवी रांग होती. मोठ्या नावा तिथून पार होत नसत. त्यामुळे वरच्या भागातली वाइनची पिंपं लहान होड्यांतून किंवा जमिनीवरून बाखाराखपर्यंत आणायची आणि तिथे मोठ्या नावांवर चढवायची, असा शिरस्ता पडला. वाइन कुठल्याही मळ्यातली असो, बाजारात ती ‘बाखाराखची’ म्हणूनच विकली जाई. पुढे सुरुंग लावून खडक फोडले गेले आणि १८३० च्या दशकात प्रशिया या जर्मन राज्याने ती वाट आणखी मोकळी केली. मोठ्या नावा थेट जाऊ लागल्या. युद्धांनी आधीच खचलेल्या गावाला थांबणारं गिऱ्हाईकच उरलं नाही. जुनं पाडून नवं बांधायला लागणारा पैसा गेला, आणि म्हणूनच लाकडी सांगाड्याची, काळसर पाटीच्या दगडाने शाकारलेली घरं जागच्या जागी राहिली. आज आपण ज्याला ‘जपलेलं गाव’ म्हणतो, ते पुष्कळदा असं मागे पडल्यामुळे वाचलेलं असतं. हे विसरून त्या घरांकडे नुसतं कौतुकाने पाहणं मला तिथल्या लोकांवर अन्याय केल्यासारखं वाटतं.

किल्ल्यांचे अवशेष झाले ते बहुतांशी १६८९ च्या सुमारास. फ्रेंच फौजांनी एकामागून एक किल्ले उडवले. बाखाराखच्या वरचा श्टालेक किल्ला उडवताना त्याचे दगड खालच्या वेर्नर चॅपेलवर, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरावर, कोसळले. त्या चॅपेलचा लाल दगडाचा सांगाडा अजून तसाच उभा आहे: छप्पर नाही, उंच कमानींमध्ये काच नाही, आणि कमानीतून थेट आकाश. डोंगरावरच्या किल्ल्यांपैकी ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग तेवढा कधीच उद्ध्वस्त झाला नाही.

गंमत अशी की पुढच्या प्रवाशांना खेचून आणलं ते या पडक्या भिंतींनीच. नेपोलियनची युद्धं चालू असेपर्यंत इंग्रजांना युरोपात मोकळेपणी फिरता येत नव्हतं. १८१५ मध्ये शांतता झाली आणि त्यांची रीघ लागली. १८१६ मध्ये कवी बायरन या वाटेने गेला, १८१७ मध्ये चित्रकार टर्नर आला आणि त्याने या प्रवासावरून पन्नासेक जलरंगचित्रं केली. जर्मन कवींनी त्याआधीच सुरुवात केली होती. सांक्ट गोआर्सहाउझेनजवळचा लोरेलाय हा सुमारे १३० मीटर उंचीचा कडा पूर्वी प्रसिद्ध होता तो प्रतिध्वनीसाठी आणि खाली नावा फुटत म्हणून. नावाड्यांना भुलवणाऱ्या लोरेलाय नावाच्या स्त्रीची कथा फार जुनी लोककथा म्हणून सांगितली जाते, पण त्या स्त्रीला जन्म दिला ब्रेंटानो या कवीने, १८०१ मध्ये. त्याच्या कवितेतली ही लोरे बाखाराखची होती. सोनेरी केस विंचरत कड्यावर बसलेली आजची लोरेलाय आली ती हाइने या कवीच्या १८२४ च्या कवितेतून. दोनशे वर्षांत ती कविता इतकी रुजली की लोक तिला नदीइतकीच जुनी समजू लागले.

कवितेने ओढ लावली, पण माणसं आणली वाफेने. त्याआधी प्रवाहाविरुद्ध जायचं तर काठावरून घोडे दोराने नावा ओढत, आणि त्यात दिवसच्या दिवस जात. १८२७ मध्ये कोलोन-माइन्झ अशी नियमित वाफेच्या बोटींची सेवा सुरू झाली. त्याच वर्षी कोब्लेन्झमध्ये कार्ल बेडेकर या तरुणाने पुस्तकांचं दुकान काढलं. आडनाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल, पण माणूस अस्सल जर्मन. ऱ्हाईनच्या प्रवासावरचं १८२८ चं एक पुस्तक त्याच्या हाती आलं. ते सुधारून त्याने १८३५ मध्ये नव्याने काढलं, आणि खिशात मावणाऱ्या प्रवासी पुस्तकांची पुढे जगभर गेलेली परंपरा तिथून उभी राहिली.

प्रशियाच्या राजघराण्यालाही या अवशेषांचा मोह पडला. कोब्लेन्झ शहराने भेट दिलेला श्टोल्झेनफेल्सचा पडका किल्ला युवराजाने नव्याने बांधून घेतला. तो १८४२ मध्ये पूर्ण झाला, तोवर युवराज राजा झालेला होता. म्हणजे प्रवाशाला दिसणारं ‘मध्ययुग’ काही ठिकाणी एकोणिसाव्या शतकातलं आहे. मग रेल्वे आली. १८५९ पर्यंत डाव्या काठाचा मार्ग पूर्ण झाला, आणि ओबरवेझेलजवळच्या बोगद्यांच्या तोंडांनाही किल्ल्याच्या बुरुजांचा आकार दिला गेला. जकातीचा शेवटही याच काळातला: १८६८ च्या मानहाइम कराराने नदीवरची वाहतूक करमुक्त झाली.

२००२ मध्ये युनेस्कोने हे खोरं जागतिक वारसा ठरवलं. पण दोन्ही काठांवरून रात्रभर मालगाड्या धडधडत जातात आणि तिथल्या रहिवाशांची ती जुनी तक्रार आहे. उतारावरचे द्राक्षमळेही विसाव्या शतकात खूप आटले. तिथे यंत्र चालत नाही, दगडी बांध हाताने रचावे लागतात, आणि एवढे कष्ट करायला माणसं मिळत नाहीत. कोब्लेन्झ ते माइन्झ या टप्प्यात आजही नदीवर पूल नाही. पलीकडे जायचं तर गाडीसकट फेरीबोटीवर चढावं लागतं.

बहुतेक सहली दोन तासांची बोट करून निघून जातात. शक्य असेल त्याने काउबला किंवा बाखाराखला उतरून एक रात्र तरी राहावं. काठावरच्या जुन्या भिंतींवर पुराच्या खुणा कोरलेल्या सापडतात, एकाखाली एक, प्रत्येकीसमोर साल. त्यातल्या काही माणसाच्या डोक्याच्याही वर आहेत.