कारपूल लेन: डोकी मोजण्याचा पन्नास वर्षांचा इतिहास

गोव्यात पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून सकाळी पणजी गाठायला काय लागतं ते म्हापशाहून येणाऱ्या कुणालाही विचारा. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, अमेरिकेत असते तशी कारपूल लेन इकडे पण करा ना, गाडीत तीन-चार जण असले की वेगळी लेन. मला ही कल्पना मनापासून आवडते, पण ती तिकडे कशी आली आणि कुठे टिकली, कुठे बुडली हे आधी बघायला हवं.

सुरुवात बसपासून झाली. वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात शर्ली हायवेवर १९६९ ला फक्त बससाठी लेन सुरू झाली. बस सुसाट जायच्या पण दोन बसच्या मधे रस्ता मोकळाच दिसायचा, तेवढ्यात १९७३ चं तेलसंकट आलं, पेट्रोलला रांगा लागल्या आणि त्याच डिसेंबरात चार किंवा जास्त माणसं असलेल्या गाड्यांनाही तिथे सोडलं. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या टोलनाक्यावर तर १९७१ पासूनच तीन जणांच्या गाड्यांना वेगळी लेन होती.

मग लॉस एंजेलिसला मोठा धडा मिळाला. मार्च १९७६ मधे सांता मोनिका फ्रीवेवर आधीपासून वापरात असलेलीच एक लेन काढून बस आणि तीन जणांच्या गाड्यांना दिली. बसचे प्रवासी वाढले, कारपूल वाढले, पण बाकीच्या लेन तुंबल्या, अपघात वाढले, लोक भडकले. प्रकरण कोर्टात गेलं, पर्यावरणाचा अभ्यास नीट केला नाही म्हणून कोर्टाने थांबवलं आणि २१ आठवड्यांत सगळं बंद. तेव्हापासून कॅलिफोर्नियात शक्यतो नवीन लेन बांधूनच कारपूलला देतात, चालू लेन काढून घ्यायला कुणी धजत नाही. आपल्या अरुंद रस्त्यांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

पण मला सगळ्यात जास्त शिकवणारं उदाहरण वाटतं ते त्याच शहरातलं एल मॉन्टे बसवे, म्हणजे बस आणि कारपूलसाठीच्या वेगळ्या लेन. तिथे गाडीत तीन माणसं लागायची. १ जानेवारी २००० पासून कायदा करून ती अट दोनवर आणली, म्हणजे जास्त लोकांना फायदा होईल असा विचार. झालं काय, तर सकाळच्या गर्दीच्या वेळी त्या लेनमधल्या गाड्या तासाला साधारण ११०० वरून १६०० वर गेल्या, वेग ताशी १०५ किमीच्या आसपास होता तो ३२ वर आला, आणि माणसं? ५९०० ची ५२०० झाली! गाड्या वाढल्या आणि माणसं कमी झाली. जुलैत गर्दीच्या वेळेसाठी परत तीनची अट आणावी लागली. हे सहा महिन्यांत सुधारता आलं कारण तिथे कुणीतरी मोजत होतं.

मोजायचं कसं हा वेगळाच त्रास. गाड्या आणि त्यांचा वेग रस्त्यात पुरलेल्या तारेच्या कॉइलवरून कळतो, पण आत माणसं किती ते कॉइलला कसं कळणार? त्यासाठी वर्षानुवर्षं माणसंच रस्त्याच्या कडेला उभी राहून काचेतून बघून टिपत आलीत, कॅमेरे आणि इन्फ्रारेड नंतर आले. आणि नियम मोडणारे पुतळे बसवतात शेजारच्या सीटवर.

२००५ ला अमेरिकेत केंद्राच्या कायद्यानेच वेगाची अट घातली. ज्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० मैल किंवा जास्त, तिथल्या लेनमधे एकट्या ड्रायव्हरला टोल घेऊन किंवा हायब्रिड, इलेक्ट्रिक गाडी म्हणून (ही सवलत सप्टेंबर २०२५ ला संपली) सोडत असाल तर गर्दीच्या वेळी १८० दिवसांत ९० टक्के वेळ ताशी ४५ मैल, म्हणजे साधारण ७२ किमी, वेग टिकला पाहिजे, नाहीतर लेन खालावली असं धरतात आणि राज्याला उपाय करावे लागतात, उदाहरणार्थ माणसांची अट वाढवणं किंवा टोल वाढवणं.

आशियातलं उदाहरण जकार्ताचं. तिथे १९९२ पासून मुख्य रस्त्यांवर गर्दीच्या वेळी गाडीत तिघं असायलाच हवेत असा नियम होता, लोक कडेला उभे राहून पैसे घेऊन गाडीत बसायचे, त्यांना जॉकी म्हणत. नियम निरुपयोगी म्हणून २०१६ ला काढला. नंतर अभ्यासकांनी गूगल मॅप्सचे वेळेचे आकडे काढले तर सकाळचा उशीर ४६ टक्के आणि संध्याकाळचा ८७ टक्के वाढला होता. म्हणजे नियम काम करत होता, फक्त डोळ्यांना दिसत नव्हतं.

आता गोव्याकडे या. आपली खरी कारपूल लेन कदंबची, म्हणजे राज्याच्या सरकारी बससेवेची, पणजी-मडगाव शटल आहे, काउंटरवर रांग लावून तिकीट घ्यायचं, बस भरली की सुटते, पण ती बस आणि एकट्या माणसाची कार ट्रॅफिकमधे सारखीच उभी. शिवाय इथे बहुतेक लोक दुचाकीवर. अमेरिकेच्या कायद्यात मोटारसायकलला एकटा असला तरी कारपूल लेनमधे सोडतात, ते तिकडे चालतं कारण तिकडे त्या थोड्या आहेत, इथे तसं केलं तर लेन पहिल्याच दिवशी भरेल. आणि पणजीत मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी, म्हणजे तिथला हिशोब जुन्या पुलांपेक्षा वेगळा.

म्हणून पट्टे मारायच्या आधी मांडवीच्या पुलांवर सकाळी आठ ते दहा आठवडाभर कॉलेजची पोरं उभी करा, बस, कार, दुचाकी वेगवेगळी आणि प्रत्येकात माणसं किती ते टिपा. तेच परत पावसात करा, कारण जूनमधे बरेच स्कूटरवाले बस नाहीतर कार पकडतात.