अहंकार सोडणं वेगळं, स्वतःला पुसून टाकणं वेगळं

पंगतीत सगळ्यात शेवटी बसणारी माणसं दोन प्रकारची असतात. दोघंही म्हणतात, “आधी तुम्ही घ्या जी.” दोघंही हळू बोलतात, आणि केलेल्या कामाचं श्रेय दुसऱ्यानं नेलं तरी दोघंही गप्प राहतात. बघणारे दोघांनाही ‘किती निगर्वी’ म्हणून मोकळे होतात. पण त्यातल्या एकाचा अहंकार खरंच गळालेला असतो, आणि दुसऱ्याला आपण या पंगतीला बसायच्या लायकीचेच नाही असं आतून वाटत असतं. आपल्या सत्संगांत, पारायणांत, घरातल्या उपदेशांत या दोन गोष्टींची फार सरमिसळ झाली आहे. त्यात खरीखुरी माणसं दबून जातात, म्हणून हा फरक मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

या फरकावर बौद्ध परंपरेनं नेमकं बोट ठेवलंय. पाली ग्रंथांत मनाला बांधणारी दहा संयोजनं सांगितली आहेत. ‘मान’ हे त्यांतलं एक. ते इतकं चिवट की अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाल्याशिवाय पुरतं सुटत नाही. हा मान तीन तऱ्हांनी येतो : मी इतरांहून श्रेष्ठ आहे, मी इतरांच्या तोडीचा आहे, आणि मी इतरांहून हीन आहे. पहिली तऱ्हा सगळ्यांना कळते. तिसरी मात्र थांबून वाचावी लागते. स्वतःला हलकं समजणं हेही ‘मी’ला कवटाळणंच. गर्विष्ठ माणूस दिवसभर स्वतःला इतरांशी ताडून बघतो आणि दर वेळी जिंकतो. दबलेला माणूसही दिवसभर तेच करतो आणि दर वेळी हरतो. अहंकार सोडलेल्या माणसानं हे ताडून बघणंच थांबवलेलं असतं.

इथे कुणी विचारेल, ‘मी बरोबरीचा’ म्हणणंही मान असेल तर समतेचं काय? दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रश्न टाळून चालायचं नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात भिक्खू चंद्रमणींकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. सर्व माणसं समान आहेत असं मी मानतो, ही त्यांतलीच एक. प्रतिज्ञेतली समता सगळ्या माणसांबद्दल आहे. ‘मी त्याच्यापेक्षा कमी नाही, बघ’ अशी चुरस तिच्यात नाही. उलट सगळे समान आहेत हे एकदा आत उतरलं की ताडून बघायचं कारणच उरत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते हे ठासून सांगितलं. आता धम्म तर अनात्मवादी. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान (जाणीव) या माणूस घडवणाऱ्या पाच स्कंधांत ‘हाच कायमचा मी’ म्हणून धरून ठेवावं असं काही सापडत नाही, ही त्याची शिकवण. मग इज्जत कुणाची? काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. जातीनं माणसावर एक ‘मी’ लादला होता : जन्मानं ठरलेला, मरेपर्यंत न बदलणारा आणि हीन. असा न बदलणारा गाभा कुणातच नसतो, असं म्हटलं की जन्मजात हीनपणाच्या पायाखालची जमीनच सरकते, आणि त्यासोबत जन्मजात श्रेष्ठपणाच्याही. म्हणजे अनात्म आणि स्वाभिमान इथे एकमेकांच्या आड येत नाहीत, हातात हात घालून चालतात.

अहंकार नसलेला आणि तरीही ताठ कण्याचा माणूस पाहायचा तर आपल्या विदर्भातच गाडगेबाबा होऊन गेले. अंगावर चिंध्या, हातात खराटा. पण हा माणूस कुणासमोर लाचार झाला नाही. काम केल्याशिवाय जेवायचं नाही, पाया पडू द्यायचं नाही, कुणाला शिष्य म्हणायचं नाही. धर्मशाळा उभ्या केल्या, त्यांची मालकी स्वतःकडे ठेवली नाही. आणि कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून हसवलं, ते कर्ज काढून सण करण्यावर, दारूवर, देवापुढे बकरं कापण्यावर, शिवाशिवीवर. लोक स्वतःच्याच वागण्यावर हसत आणि हसता हसता विचारात पडत.

हसणं ही अहंकार गळालेला आणि दबलेला या दोघांना ओळखायची माझ्या मते सगळ्यात खात्रीची जागा आहे. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर कुणी म्हणतं, “काऊन बे, लय मोठा साहेब झाला का?” अहंकार गळालेला माणूस मोकळेपणानं उत्तर देतो, “हो ना बे, आजचे पैसे तूच दे,” आणि विषय संपतो. दबलेला माणूस कुणी चिडवायच्या आधीच स्वतःची टर उडवतो, म्हणजे दुसऱ्याचा शब्द लागायला नको. लोक हसले की तो हळूच एकेकाचा चेहरा बघतो. वरवर दोघंही खेळकरच. पण पहिल्याला जपण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि दुसरा सतत वार चुकवत असतो.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे वाईट गोष्टींच्या पुतळ्याची मिरवणूक. 1880च्या दशकापासून काळी आणि पिवळी मारबत निघते आहे, सोबत बडगे, म्हणजे टर उडवणारे पुतळे. “घेऊन जा गे मारबत” म्हणत महागाई, भ्रष्टाचार, रोगराई सगळं गावाबाहेर काढायचं. हा विनोद वरच्यांवर होतो, खालच्यांवर नाही, म्हणून तो मला आवडतो. स्वतःलाच बडग्या करून मिरवायची सवय लागलेल्या माणसानं एकदा तरी तो बघावा.

आणखी एक खूण आहे, ती रोजच्या जगण्यातली. अहंकार सोडलेल्याला आपली आवडनिवड ठाऊक असते, फक्त हट्ट नसतो. हक्काची मजुरी तो शांतपणे मागतो, जमत नसेल तर नाही म्हणतो. पुसून गेलेल्याला आपल्याला काय हवं तेच आठवत नाही. म्हणूनच ‘अहंकार सोड’ हे वाक्य कुणाला सांगतो आहोत हे बघायला हवं. ज्याच्या शब्दावर घर हलतं त्याला ते औषध आहे. जिनं आयुष्यभर सगळ्यांची ताटं वाढून उरलंसुरलं खाल्लं, तिला तेच वाक्य सांगणं अन्याय आहे. तिला आधी स्वतःची जागा मिळायला हवी. जे कधी मिळालंच नाही ते ती सोडणार कुठून?

आमच्या ओळखीतल्या एक काकू वर्षानुवर्षं भजनी मंडळात आहेत. “मले काय, कसंबी चालते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवी सून आली, तिनं विचारलं, “आई, तुम्हाला कोणती भाजी आवडते?” काकूंना सांगता येईना. सुनेनं विषय सोडला नाही, दर बाजाराच्या दिवशी विचारत राहिली. शेवटी एकदा काकू म्हणाल्या, “भरताचं वांगं आणजो. अन् तिखट मी सांगीन तेवढंच टाकजो.” आता पिशवी घेऊन त्या स्वतःच सोबत जातात, वांगी दाबून बघतात, भावावरून भाजीवाल्याशी हुज्जत घालतात, आणि संध्याकाळी भजनाला वेळेवर पोचतात.