काळा आजारोत्तर त्वचाविकार

लीशमॅनिया डोनोव्हानी या एकपेशीय परजीवीमुळे होणारा काळा आजार बरा झाल्यावर काही रुग्णांच्या त्वचेवर उद्भवणारा विकार. फिकट चट्टे, पुरळ किंवा गाठी प्रथम बहुधा चेहऱ्यावर, तोंडाभोवती दिसतात. काळा आजारात असतो तसा ताप यात नसतो, प्लीहाही वाढलेली नसते. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल, बांगलादेश, नेपाळ आणि आफ्रिकेत मुख्यतः सूदान येथे हा आढळतो.

उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात याचे वर्णन करून त्यास ‘डर्मल लीशमॅनॉइड’ असे नाव दिले. काळा आजारावर तेव्हा अँटिमनी या मूलद्रव्याच्या संयुगांची इंजेक्शने देत, म्हणून तेच औषध विकारास कारण असावे, असे एक मत पुढे आले. परंतु ॲम्फोटेरिसिन-बी व मिल्टेफोसीन या औषधांनंतरही तो होतो, आणि काही रुग्णांना आधी काळा आजार झाल्याची नोंदच नसते. शिवाय अँटिमनीच्या आधी बहुतेक रोगी दगावत. त्यांच्या त्वचेवर पुढे काय झाले असते, हे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. औषध हे एकमेव कारण मानणे त्यामुळे कठीण आहे.

परजीवी मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या आत राहतो. टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींनी स्रवलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या प्रथिनामुळे भक्षक पेशी उद्दीपित होऊन त्याला मारतात. इंटरल्यूकिन-१० हे दुसरे प्रथिन ही क्रिया दडपते. काळा आजारात रक्तातील इंटरल्यूकिन-१० वाढलेले असते. उपचारांनंतर प्रतिकार परततो व प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा यांतील परजीवी हटतात. त्वचेत मात्र काही टिकून राहतात. सूदानमधील अभ्यासांत, ज्यांच्या रक्तात व त्वचेत उपचारांपूर्वीच इंटरल्यूकिन-१० अधिक होते, त्यांना पुढे हा विकार होण्याचा संभव जास्त आढळला. परतलेला प्रतिकार त्वचेतील उरलेल्या परजीवींवर तुटून पडतो व त्या दाहातून पुरळ उठते, असे एक स्पष्टीकरण आहे. सूदानला ते अधिक लागू पडते: तेथे सुमारे निम्म्या रुग्णांना, बहुधा सहा महिन्यांच्या आत, विकार होतो व पुष्कळदा आपोआप जातो. भारतात प्रमाण साधारणतः ५ ते १० टक्के आहे. काळा आजार बरा झाल्यापासून विकार दिसेपर्यंत कित्येक महिने ते वर्षे जातात आणि उपचारांवाचून तो सहसा हटत नाही. येथे त्वचेपुरती दडपलेली प्रतिरक्षा हेच कारण अधिक संभवते. चेहऱ्यावरील उन्हाचा यात वाटा असावा, असेही सुचवले गेले आहे.

गाठींमध्ये परजीवी विपुल, सपाट चट्ट्यांत विरळ असतात. तथापि दोन्ही प्रकारच्या रुग्णांकडून, काळा आजार पसरवणाऱ्या वाळूमाशीला संसर्ग होऊ शकतो. त्रास नसल्याने रुग्ण उपचारास उशिरा येतो, आणि तोवर गावात संसर्गाचा स्रोत कायम राहतो. काळा आजाराच्या निर्मूलनात म्हणून या चट्ट्यांकडे दुर्लक्ष परवडणारे नाही. भारतात मिल्टेफोसीन सुमारे १२ आठवडे देतात. निदानात कुष्ठरोगाशी गल्लत वारंवार होते; मात्र कुष्ठरोगात सहसा हरपणारी चट्ट्यावरील स्पर्शसंवेदना या विकारात शाबूत असते.