सॅक्सन लोक खरंच रानटी होते का?

इंग्लंडच्या इतिहासात सॅक्सन भेटतात ते हातात तलवार घेऊनच. इ.स. ४१० च्या सुमारास ब्रिटनमधली रोमन सत्ता संपली, मग आजच्या उत्तर जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून हे लोक होड्या भरून आले, जाळपोळ केली, माणसं कापली, असं सहाव्या शतकातला गिल्डास नावाचा ब्रिटिश साधू लिहून गेलाय. पण तो मार खाल्लेल्या बाजूचा माणूस, शिवाय हे संकट म्हणजे आपल्याच लोकांच्या पापांची शिक्षा हे त्याला ठसवायचं होतं, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देणं मला पटत नाही. (अँगल, सॅक्सन, ज्यूट अशा वेगवेगळ्या टोळ्या होत्या, पण ब्रिटन लोक, म्हणजे तिथले मूळचे रहिवासी, सगळ्यांना सरसकट सॅक्सन म्हणायचे, मीपण इथे तेच केलंय.)

पूर्व इंग्लंडमध्ये, सफोकमधल्या वेस्ट स्टोला १९६५ ते १९७२ मध्ये त्यांचं आख्खं खेडं खणून काढलं. लाकडी घरं, मागाला टांगायची मातीची वजनं, गुरामेंढरांची हाडं, आणि गावाभोवती तटबंदी नाहीच. सतत हल्ल्याच्या धास्तीत असलेली माणसं अशी उघड्यावर राहत नाहीत.

२०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जुन्या हाडांच्या डीएनएचा मोठा अभ्यास आला, एकूण ४६० माणसं, त्यातली २७८ इंग्लंडमधली. पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमध्ये तेव्हा ७६ टक्क्यांपर्यंत वंश समुद्रापलीकडून आलेला होता, म्हणजे स्थलांतर प्रचंड होतं. पण नुसते लढवय्ये पुरुष आले असं दिसत नाही, बायकाही आल्या, आणि एकाच दफनभूमीत आलेले आणि इथले शेजारी-शेजारी पुरलेले आहेत, त्यांच्यात लग्नंही झालीत. आग्नेय इंग्लंडमधल्या केंटमध्ये अपडाऊनला सातव्या शतकातली साधारण ११ वर्षांची एक मुलगी सापडली, आईकडचं कुळ उत्तर युरोपातलं आणि वडिलांकडून पश्चिम आफ्रिकेचा वंश. पण तिला कुठे बाजूला टाकलेलं नाही, इतरांसारखंच मडकं, सुरी आणि हाडाचा कंगवा बरोबर देऊन नीट पुरलंय. मी हे वाचून खूप वेळ त्या कंगव्याचाच विचार करत होते.

मग पुरुषांच्या थडग्यात भाले-ढाली का सापडतात? जवळपास निम्म्या पुरुषांबरोबर शस्त्रं आहेत हे खरंय, पण लहान पोरांबरोबरही भाले आहेत, आणि शस्त्रवाल्यांच्या हाडांवर बाकीच्यांपेक्षा जास्त जखमा नाहीत. भाला म्हणजे घराण्याचा मान होता, लढाईचा हिशोब नव्हे.

तरी त्यांना शांतताप्रिय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इ.स. ६१६ च्या आसपास चेस्टरच्या लढाईत एथेलफ्रिथ या अँगल राजाने प्रार्थना करत उभ्या असलेल्या ब्रिटिश साधूंवरच आधी सैन्य घातलं, आठव्या शतकातला इतिहासकार साधू बीड याच्या म्हणण्यानुसार १,२०० च्या आसपास मेले. बीड स्वतः अँगल, म्हणजे हे घरच्याच माणसाने लिहिलंय.

सगळ्यात जास्त कळतं ते केंटच्या एथेलबर्ट राजाच्या कायद्यातून, साधारण इ.स. ६०० चा, आणि लॅटिन सोडून त्यांच्या स्वतःच्या बोलीत लिहिलेला. कुणी कुणाला मारलं तर दोन्ही घराण्यांनी पिढ्यानपिढ्या सूड घेत बसू नये म्हणून प्रत्येक इजेची भरपाई ठरलेली. पुढचा दात पाडला तर ६ शिलिंग, अंगठा तोडला तर २०, अंगठ्याचं नुसतं नख गेलं तर ३, डोळा फोडला तर ५०. मला यात भांडकुदळ समाज दिसतो, पण स्वतःचा राग कह्यात ठेवायला नियम बांधणाराही दिसतो, आणि सुसंस्कृतपणा यालाच म्हणावं असं मी म्हटलं असतं, पण त्याच यादीत अजून एक कलम आहे. राजाची दळण दळणारी दासी, तिच्याशी कुणी संग केला तर २५ शिलिंग. दिवसभर जात्यावर बसणारी ती बाई, तिची मर्जी होती की नव्हती हे कायदा विचारतसुद्धा नाही, भरपाई मालकाची.