फुशिया घेऊन चाललात? मग हे आधी वाचा

झुमक्यासारखी लोंबणारी फुलं बघून फुशिया सगळेच उचलतात आणि मार्च उजाडला की आम्हाला नर्सरीत फोन, "अहो रोज पाणी घालतोय तरी मान टाकली!" आता खरं सांगायचं तर बऱ्याचदा ते त्या रोजच्या पाण्यानेच गेलेलं असतं.

हे झाड मुळात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांवरचं, गार ओलसर हवेतलं. युरोपात बर्फात मरतं म्हणून तिकडे याला नाजूक म्हणतात, पुण्यात थंडीचं काही टेन्शन नाही, इथे त्याला मारतो तो उन्हाळा. पारा 30 च्या वर राहायला लागला की कळ्या गळतात. दुपारी पानं लोंबलेली दिसली तर लगेच पाण्याचा मग घेऊन धावू नका, आधी मातीत बोट घाला. ओली लागली तर कुंडी फक्त सावलीत सरकवा, संध्याकाळी बहुतेक आपोआप उभं राहतं. कोरडी असेल तरच पाणी. ओल्यात परत ओतलं की मुळं कुजतात, पानं अजून लोंबतात, मग माणूस अजून ओततो, आणि संपलं.

जागा पूर्वेच्या बाल्कनीची, सकाळचं कोवळं ऊन दोनेक तास पुरे. तुमच्याकडे पश्चिमेचीच बाल्कनी असेल तर स्पष्ट सांगा, दुसरं झाड देतो. माती भुसभुशीत हवी, म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत, थोडं पर्लाइट (पांढरे हलके खडे), आणि कुंडीला भोक हवंच.

शेंडे खुडायला मन होत नाही लोकांचं, पण खुडा! फुलं नवीन फुटीवर येतात, जितके फाटे तितकी फुलं. फक्त खुडल्यावर दीड-दोन महिने धीर धरायचा. फूल गळल्यावर मागे छोटं फळ धरतं तेही काढून टाका, नाहीतर झाडाची ताकद बी करण्यात जाते. (फळ खाता येतं, पण आमच्याकडे फवारणी होते, त्यामुळे नको.)

पानांच्या खाली बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी ही बारीक कीड. पानं खालून पाण्याने धुवा, मग संध्याकाळी नीमतेल.

आणि फेब्रुवारीतच कळी नसलेल्या 3-4 इंची दोन-तीन फांद्या ओल्या कोकोपीटमधे खोचून ठेवा, तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. मे महिन्यात मोठं झाड गेलंच, तर ही पोरं घरातल्या गार खिडकीशी तग धरायची शक्यता जास्त.