पॅलिड की माँटेग्यू? माळावरच्या भोवत्यांचा घोळ

दिवाळी सरून गवत पिवळं पडू लागलं की सोलापूर, इंदापूर, सुप्याकडच्या माळांवर हॅरियर, म्हणजे आपले भोवत्या, हमखास दिसतात. गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, पंख किंचित वर उचलून तरंगत जाणारा सडपातळ शिकारी पक्षी दिसला, तर तो हॅरियरच. खरी पंचाईत त्यापुढची. पॅलिड हॅरियर आणि माँटेग्यू हॅरियर दोघंही मध्य आशियाच्या गवताळ मुलखातून येतात आणि हिवाळाभर एकाच माळावर फिरतात.

नर असेल तर फारसं डोकं खाजवावं लागत नाही. पॅलिडचा नर इतका फिका करडा असतो की उन्हात पांढराच भासतो. पंखाच्या टोकाला काळ्या रंगाची अरुंद पाचर, बाकी सगळं स्वच्छ. माँटेग्यूचा नर गडद राखाडी. त्याच्या पंखाचं टोक बरंच काळं असतं, शिवाय पंखाच्या वरच्या बाजूने एक काळी रेघ आडवी जाते आणि पोटावर तांबूस फराटे दिसतात. पक्षी वळला की पंखाची वरची बाजू बघायची. रेघ दिसली, विषय संपला.

माद्या आणि पिल्लं मात्र घाम काढतात. सगळ्या तपकिरी, सगळ्यांच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. नवखे लोक त्या पट्ट्याचे फोटो काढून आणतात आणि ‘हा कोणता?’ विचारतात. पट्टा दोघींनाही असतो, त्यामुळे त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. फोटो काढायचा तर मानेचा आणि पंखाखालचा काढा. पॅलिडच्या गालावरच्या गडद डागामागे फिकट गळपट्टा असतो आणि त्याच्या मागे मान पुन्हा गडद होते; पिल्लात हे फारच ठळक दिसतं. माँटेग्यूला असा गळपट्टा जवळपास नसतो, डोळ्याभोवतीचा पांढरा भाग मात्र मोठा. मोठ्या मादीच्या पंखाखाली, मागच्या पिसांवर, माँटेग्यूला फिकट रंगावर स्पष्ट गडद पट्टे असतात. पॅलिडची तीच पिसं मळकट, अंगाकडे जाता जाता पट्टे विरून जातात. जमिनीवर बसलेला पक्षी मिळाला तर आणखी सोपं: माँटेग्यूच्या पंखांची टोकं शेपटीच्या टोकापर्यंत पोचतात, पॅलिडची अलीकडेच थांबतात.

खाण्यावरून ओळखायला जाऊ नका. माँटेग्यू नाकतोड्यांवर जास्त असतो, पॅलिड चंडोलासारख्या छोट्या पक्ष्यांमागे लागतो, हे खरं. पण समोर आलेला सरडा दोघंही सोडत नाहीत.

संध्याकाळी हे पक्षी गवतात जमिनीवरच रात्रीच्या मुक्कामाला उतरतात, कधी कधी दोन्ही जाती एकत्र. गुजरातेत भावनगरजवळच्या वेळावदरला तर शेकड्यांनी. तेव्हा जवळून बघण्याच्या नादात माळात गाडी घालणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे. रस्त्यावरून बघा, आणि मान नीट दिसली नाही तर वहीत ‘पॅलिड किंवा माँटेग्यू, मादी’ एवढंच लिहा.