पाणी किती फुटांवर? कोल्हापुरातल्या संशोधनाची पार्श्वभूमी

जुलैत सलग चार दिवस धार लागली की कोल्हापुरात भेटणारा माणूस आधी एकच गोष्ट विचारतो, ‘पाणी किती फुटांवर हाय?’ उत्तर कुठून येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे, तिथली पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोक्याची. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. प्रयाग चिखलीतल्या माणसाला जनावरं सोडून उंचावरच्या सोनतळीकडे कधी निघायचं हे या आकड्यावरून ठरवावं लागतं. शाळेत छावणी कधी उघडायची, दवाखान्यात लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या किती ठेवायच्या, बाजारात दूध पोचणार की नाही, सगळं त्याच आकड्याला बांधलेलं.

गेल्या काही वर्षांत इथल्या महाविद्यालयांतून आणि विद्यापीठातून ‘आंतरविद्याशाखीय संशोधन’ हा शब्द फार ऐकू येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर परिषदेचा एकही फलक त्याच्याशिवाय लागत नाही. समाजकार्य, वैद्यक, अभियांत्रिकी, इतिहास, नवकल्पना असे सगळे निबंध एकाच अंकात छापलेले दिसतात आणि बऱ्याच जणांना ही भेसळ वाटते. मला तसं वाटत नाही. हे विषय या गावात फार पूर्वीपासून एकमेकांच्या अंगणात वावरत आले आहेत. मात्र त्यातलं जे कागदावर उतरलं तेच पुढच्या पिढीला वापरता आलं आणि जे हातातच राहिलं त्याची दर पिढीला नव्याने सुरुवात करावी लागली.

अभ्यासाची परंपरा राजाराम कॉलेजपासून धरायची रीत आहे आणि ती बरोबरच आहे. १८८० मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजात गोपाळ कृष्ण गोखले विद्यार्थी म्हणून होते, हे इथं शाळकरी मुलांनाही सांगितलं जातं. पण माझ्या दृष्टीने खरा काळ १९२० ते १९४५ चा. त्यातला बराच काळ प्राचार्य होते डॉ. बाळकृष्ण. शिवचरित्र लिहिताना त्यांनी इंग्रज आणि डच कंपन्यांच्या दप्तरांचा आधार घेतला. माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, तिथं फारसी शिकवत. डॉ. आ. ने. उपाध्ये १९३० पासून तीन दशकं अर्धमागधी शिकवत होते. जैन प्राकृत ग्रंथांच्या त्यांनी सिद्ध केलेल्या आवृत्त्या आजही जगभरचे अभ्यासक उघडतात. प्रा. के. जी. कुंदनगार गावोगावचे कानडी आणि संस्कृत शिलालेख वाचत हिंडत. एका संस्थानी गावातल्या एका कॉलेजात फारसी, प्राकृत, कानडी आणि डच कागद हे सगळं एकाच वेळी चाललेलं होतं.

याच काळाच्या शेवटी ब्रह्मपुरी उघडली. पंचगंगेच्या काठावरची ही टेकडी. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं आणि त्याचा अहवाल १९५२ मध्ये आला. सातवाहन काळातली विटांची घरं तिथं सापडली आणि त्याच टेकडीने पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझमूर्तीही दिली. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ती पाहायला मिळते. वितीपेक्षाही लहान आहे. मोठी शिल्पं बघत लोक तिच्यावरून पुढे निघून जातात. समुद्रापासून घाटाच्या या बाजूला असलेल्या गावात दोन हजार वर्षांपूर्वी समुद्राचा देव आला, तो व्यापाराच्या वाटेने. तिच्यासमोर दोन मिनिटं थांबावं असं मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

आता दप्तराकडे येऊ, कारण कोल्हापूरच्या संशोधनाचा पाया तिथं आहे.

मोडीच्या वर्गात पहिल्यांदा जुना रुमाल सोडला तो दिवस मला आठवतो. रुमाल म्हणजे कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. गाठ घट्ट होती. सोडल्यावर आत हातकागदाची चळत, कडा तपकिरी झालेल्या, मधेच कसरीने पाडलेली भोकं. मोडी लिहिणारा आधी ओळभर आडवी रेघ ओढतो आणि मग बोरू न उचलता अक्षरं तिला लटकवत जातो. शब्द कुठे तुटतो ते डोळ्याला कळत नाही, ओठाने पुटपुटत वाचावं लागतं. पहिल्या तासात मला एकच शब्द सुटला, ‘पाणी’.

राजर्षी शाहूंचा कारभार अशाच दप्तरांतून उलगडला. २६ जुलै १९०२ चा नोकऱ्यांतल्या ५० टक्के राखीव जागांचा जाहीरनामा, १९०१ पासून निघालेली वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय, प्लेगच्या साथीतले हुकूम, राधानगरीच्या धरणाचा खर्च. एकाच राजाच्या एकाच कचेरीतून ही कामं निघाली. ‘हे समाजकल्याण, हे आरोग्य, हे पाटबंधारे’ अशी कपाटं नंतरच्या सरकारांनी केली. शाहूंवर काम करणाऱ्याला ती कपाटं मोडावीच लागतात. बोर्डिंगचा अभ्यास करताना धान्याचे भाव कळावे लागतात, प्लेगचा अभ्यास करताना गावठाणाची रचना.

१८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार होते. याला मी फार महत्त्व देतो. सागरमाळाच्या उजाड माळावर इमारती उभ्या करण्याच्या धांदलीतल्या माणसाने ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंडही सिद्ध केले. शाहूंच्या कागदपत्रांचं संपादन त्यांच्यापासून सुरू झालं. पुढे ते काम डॉ. विलास संगवे यांच्याकडे आलं. संगवे समाजशास्त्रज्ञ होते, जैन समाजाची त्यांनी केलेली पाहणी १९५९ मध्ये ग्रंथरूपाने आली होती. समाजशास्त्राचा माणूस इतिहासाची कागदपत्रं संपादतो, याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

विद्यापीठाच्या विज्ञान विभागांविषयी इथं थोडक्यातच लिहितो, त्यांना वेगळं टिपण हवं. पदार्थविज्ञानात पातळ थरांवरचं, म्हणजे थिन फिल्मवरचं काम इथं दोन-तीन पिढ्या चाललं आहे. वनस्पतिशास्त्रात कंदीलपुष्पाच्या, म्हणजे कंदिलासारखी फुलं येणाऱ्या वनस्पतीच्या, दुर्मीळ जाती सह्याद्रीच्या कड्यांवरून शोधून त्या वाढवण्याचं काम डॉ. श्रीरंग यादव यांनी केलं.

जे. पी. नाईक यांचं नाव मात्र घाईत सोडता येत नाही. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीत १९०७ मध्ये जन्मलेला हा माणूस कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव झाला, १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद उभी राहिली तेव्हा तिचा पहिला सदस्य-सचिव झाला. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. आयुष्याच्या शेवटी त्यांनी हात घातला तो आरोग्याला. सामाजिक विज्ञान परिषद आणि वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाचा ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा अहवाल १९८१ मध्ये आला, त्याच वर्षी नाईक गेले. आजार हा डॉक्टरांइतकाच पिण्याच्या पाण्याचा, अन्नाचा आणि शिक्षणाचा प्रश्न आहे, अशी त्या अहवालाची मांडणी होती. आजरा-भुदरगडच्या वाड्यावस्त्या पाहिलेल्या माणसाला हे वेगळं शिकावं लागलं नसणार.

पाण्याच्या अभियांत्रिकीत कोल्हापूरने देशाला एक नाव दिलं. महाराष्ट्रभर नद्यांवर दिसणाऱ्या ‘के. टी. वेअर’मधला ‘के’ कोल्हापूरचा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीपात्रात दगडी खांबांची रांग. खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत बर्गे घालतात, म्हणजे फळ्या, दोन ओळींत, आणि दोन ओळींच्या मधे माती ठासून भरतात. पाणी पात्रातच तुंबतं, काठचा शेतकरी ते उचलतो. मृग जवळ आला की बर्गे काढायचे. नदीला वाट मोकळी होते, पुराबरोबर गाळही पुढे जातो. जमीन बुडत नाही, गाव उठवावं लागत नाही. बर्गे कधी काढायचे यावरून मात्र दर वर्षी गावागावांत वाद होतात. लवकर काढले तर उभा ऊस वाळतो, उशीर झाला तर पहिल्याच पुरात फळ्या अडकतात आणि पाणी काठ फोडतं. बंधाऱ्याची रचना इंजिनिअरची, पण तो चालतो गावाच्या समजुतीवर. त्याचा अभ्यास नुसत्या सूत्रांनी पुरा होत नाही.

राधानगरीचं धरण याच्या शेजारी ठेवून पाहावं. शाहूंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर हे काम काढलं. पैशाअभावी ते थांबलं, महाराज १९२२ मध्ये गेले आणि धरण पूर्ण व्हायला १९५७ उजाडलं. ८.३६ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) या तलावाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की दाबाने दार आपोआप उचललं जातं आणि एका दारातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सुटतं. पावसाळ्यात ‘राधानगरीचं चौथं दार उघडलं’ ही बातमी आली की नदीकाठची घरं सामान माळ्यावर टाकायला लागतात.

उद्यमनगरची, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीची, गोष्ट वेगळी आहे आणि तिची मला हळहळ वाटते. सुतार-लोहारांच्या या गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मिस्त्री घराण्यातल्या भावंडांनी सिनेमाचा कॅमेरा घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास तो पुरा केला. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीने ऑइल इंजिनं आणि उसाचे चरक घडवले, त्यातून फाउंड्र्यांची रांग उभी राहिली. अभियांत्रिकी महाविद्यालयं फार नंतरची, केआयटी (कोल्हापूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) १९८३ ची. म्हणजे गावात शोध आधी आले आणि शोध शिकवणारी वर्गखोली मागून. मिस्त्री बिघडलेला भाग हातात घेतो, अंगठा फिरवतो आणि ‘अर्धा सूत खाल्लंय’ म्हणतो. त्याच्या हाताखालचं पोरगं ते पाहून शिकतं. वहीत काही उतरत नाही. पोरगं दुसऱ्या धंद्याला लागलं की ते ज्ञान तिथंच थांबतं. इथल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी परदेशी यंत्रांची आकडेमोड जरूर करावी, पण एक वर्ष उद्यमनगरातल्या वयस्कर मिस्त्रींशेजारी वही घेऊन बसावं, असं मला कळकळीने वाटतं.

गुऱ्हाळात हे थोडं तरी घडलं आहे. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, रस उकळतो, भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढतात. मग गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, वाकून फेस बघतो. फुगे आधी मोठे असतात, नंतर बारीक होत जातात. तो चमचाभर पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का पाहतो, कधी ती गोळी काहिलीच्या काठावर आपटून आवाज ऐकतो. मग ‘उतरा’ म्हणतो. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राने अशाच गोष्टींना मोजमाप दिलं. गोळी वळण्याची ती वेळ तापमापकावर साधारण ११८ अंश सेल्सिअसला येते. चुना किती, भेंडी किती, उसाची कोणती जात, याची कोष्टकं झाली. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला अशा नोंदींचाच आधार लागतो. गुळव्याचं बोट आणि तापमापक दोघंही खरं सांगतात. फरक इतकाच की तापमापकाचा आकडा दुसऱ्या गावाला कळवता येतो.

वैद्यकात जुनं नाव थोरला दवाखाना, म्हणजे आजचं सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. संस्थानच्या काळात ते अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं आणि रखमाबाई केळवकरांच्या कन्या डॉ. कृष्णाबाई केळवकर तिथं स्त्रियांवर उपचार करत. रखमाबाईंकडे शाहूंनी संस्थानातल्या स्त्रीशिक्षणाची धुरा दिली होती. आई शाळांसाठी आणि लेक दवाखान्यात, एकाच घरातून ही दोन्ही कामं चालली. सीपीआरला जोडून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं ते या शतकाच्या सुरुवातीला. कोकणातून, सीमाभागातून रोज येणारे रुग्ण पाहिले की वाटतं, इतक्या मोठ्या मुलखाच्या आजारांची नोंद एका छपराखाली होते, तिचा अभ्यास अजून कितीतरी व्हायला हवा.

समाजकार्याचं शिक्षण ‘सायबर’मध्ये, म्हणजे छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्चमध्ये, रुजलं. ही संस्था प्रा. ए. डी. शिंदे यांनी १९७६ मध्ये काढली. १९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमादीदींनी वसतिगृह, शाळा आणि खुर्च्या बनवणारी कार्यशाळा एकत्र आणली. उंबरा किती उंच असावा, उतार किती असावा, हात कुठवर पोचतो, हे तिथं वापरणाऱ्या माणसाने सांगितलं आणि वेल्डिंग करणाऱ्याने ऐकलं. यात समाजसेवा कुठे संपते आणि अभियांत्रिकी कुठे सुरू होते ते मला सांगता येणार नाही.

पुन्हा पुराकडे. २०१९ नंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, अहवाल आला, नदीपात्रातली बांधकामं आणि भराव यांवर चर्चा झाली. दरम्यान जुन्या पेठांतून, नदीकाठच्या गावांतून लोकांनी आपापल्या भिंतीवर रेघा मारून ठेवल्या होत्या. १९८९, २००५, २०१९, २०२१. कुठे ऑइलपेंटने, कुठे खिळ्याने ओरखडून.

मागच्या उन्हाळ्यात समाजकार्य शिकणारी एक मुलगी आणि स्थापत्य शिकणारा एक मुलगा अशा रेघा मोजत फिरत होते, मी दोन दिवस त्यांच्याबरोबर होतो. एका घरात आजींनी कपाट सरकवून मागची रेघ दाखवली. मुलाने टेप लावली, मुलीने विचारलं, ‘आजी, त्या साली तुम्ही कुठं गेला होतासा?’ आजींनी शाळेचं नाव सांगितलं, बरोबर कोण होतं ते सांगितलं, म्हैस कशी वाचवली ते सांगितलं. मुलगा टेप तशीच धरून उभा राहिला. मुलीने सगळं लिहून घेतलं आणि वहीच्या समासात उंची टिपली, पाच फूट दोन इंच.